ओ गट, बॉम्बे गट आणि उंदराच्या रक्तातला शिक्का

आमच्या होस्टेलच्या रक्तदात्यांची वही दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. वही साधीच, दोनशे पानी. नाव, ब्रँच, रूम नंबर, मोबाईल आणि शेवटच्या रकान्यात रक्तगट. जालना-संभाजीनगर रस्त्यावर अपघात झाला किंवा कुणाच्या गावाकडून बाळंतपणाची अवघड केस आली, की रात्री-अपरात्री फोन येतो, मी वही उघडतो आणि दोन-तीन दारं ठोठावतो. ओ आणि बी ही पानं सगळ्यात आधी भरतात. त्यातही ओ वाल्यांना जास्त बोलावणं असतं, कारण "ओ कुणालाही चालतं" हे आपण सगळे शाळेपासून घोकत आलोय.

मागच्या एनएसएसच्या शिबिरात मी रक्तपेढीतल्या टेक्निशियन ताईंना सहज विचारलं, "मॅडम, कार्डावर ओ लिहिलंय म्हणजे ओ च ना?" त्या म्हणाल्या, "बहुतेक वेळा." आता मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. आम्हाला 'बहुतेक' हा शब्द व्हायवात सुद्धा चालत नाही. त्या 'बहुतेक'च्या मागे काय आहे ते शोधायला गेलो, तर मुंबईच्या एका जगप्रसिद्ध शोधापाशी पोचलो, आणि तिथून थेट प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांपाशी. तीच गोष्ट इथे सांगतो. जीवशास्त्र बारावीला सोडून पळालेल्यांनीही वाचायला हरकत नाही!

ओ म्हणजे नक्की काय?

आपल्या तांबड्या पेशींच्या अंगावर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात. या साखळीच्या टोकाला शरीर आधी फ्युकोज नावाची एक साखर बसवतं. एवढं झालं की त्या टोकाला 'एच' म्हणतात. हा झाला पाया. ज्याच्याकडे ए चं जनुक आहे, त्याचं शरीर या एच वर आणखी एक साखर चढवतं, तो ए गट. बी वाल्याचं शरीर तिथे वेगळी साखर चढवतं, तो बी गट. दोन्ही चढवणारा एबी. आणि काहीच न चढवता नुसता पाया तसाच ठेवणारा तो ओ. म्हणजे ओ गटाच्या पेशी रिकाम्या नसतात, त्यांच्यावर एच भरपूर असतो. सगळा घोळ पुढे इथेच होतो.

दुसरी बाजू रक्तातल्या पाण्याची, म्हणजे सीरमची. त्यात अँटिबॉडी असतात. अँटिबॉडी म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा प्रथिनाचा रेणू. वाय चे दोन हात ठराविक वस्तूला पकडतात. खालची दांडी साधारण सगळ्यांची सारखी असते. ए गटाच्या माणसात बी ला पकडणारी अँटिबॉडी असते, बी गटाच्या माणसात ए ला पकडणारी, आणि ओ गटाच्या माणसात दोन्ही.

शिबिरात काचेच्या पट्टीवर आपल्या रक्ताच्या थेंबात निळा थेंब टाकतात तो ए ची अँटिबॉडी असलेला, पिवळा टाकतात तो बी ची. निळ्यात गुठळ्या झाल्या तर ए, पिवळ्यात झाल्या तर बी, कशातच नाही झाल्या तर ओ. म्हणजे लक्षात घ्या, ओ हे उत्तर 'काहीतरी दिसलं' म्हणून येत नाही. 'काहीच दिसलं नाही' म्हणून येतं. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर मीटरचा काटा हलला नाही. तो व्होल्टेज शून्य आहे म्हणून हलला नाही की वायरच तुटलीय म्हणून, हे नुसत्या काट्यावरून कळत नाही.

१९५२, मुंबई

अशी 'तुटलेली वायर' मुंबईत सापडली. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना असे लोक आढळले की ज्यांच्या पेशी ए ला दाद देत नव्हत्या, बी ला देत नव्हत्या, म्हणजे दिसायला चक्क ओ. पण त्यांचं सीरम ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होतं! इंग्लंडमधल्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स या शास्त्रज्ञांच्या साथीने १९५२ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. या गटाला जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. शहराचं नाव मुंबई झालं तरी गटाचं नाव बॉम्बेच राहिलं. पुढे मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तगटांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ती आज राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून ओळखली जाते.

या लोकांत होतं काय, तर फ्युकोज बसवणारं जनुक दोन्हीकडून, आईकडून आणि वडिलांकडून, बिघडलेलं येतं. एच तयारच होत नाही. पायाच नाही तर माळा कुठून चढणार? त्यामुळे अंगात ए किंवा बी चं जनुक ठणठणीत असलं तरी ते दिसत नाही. एच चं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आणि ए-बी चं नवव्यावर, म्हणून दोघांचा वारसा स्वतंत्र चालतो. बॉम्बे गटाच्या बापाला आणि ओ गटाच्या आईला ए गटाचं मूल होऊ शकतं ते यामुळेच. अशा वेळी कार्ड बघून घरात भलते संशय घेणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

आता धोका बघा. ज्याच्या अंगावर एच नाही, त्याच्या सीरममध्ये एच ला पकडणारी अँटिबॉडी असते, आणि ती शरीराच्या तापमानाला जोरात काम करते. अशा माणसाला कुणी ओ समजून ओ ची पिशवी लावली, तर आलेल्या पेशी त्याच्या रक्तातच फुटायला लागतात. पुढे मूत्रपिंडं बंद पडणं, शॉक आणि प्रसंगी मृत्यू. "ओ कुणालाही चालतं" हे वाक्य ज्याच्यावर उलटतं, तो हा माणूस.

कधी न भेटलेल्यांची सारखी अँटिबॉडी

मला अडलं ते पुढे. अँटिबॉडी तर रोग झाल्यावर किंवा लस घेतल्यावर तयार होते ना? मग ज्यांना आयुष्यात कधी रक्त चढवलं नाही, जे एकमेकांना ओळखतही नाहीत, अशा सगळ्या बॉम्बे गटाच्या लोकांत नेमकी एच चीच अँटिबॉडी कुठून आली?

उत्तर आपल्या आतड्यात आहे. आतड्यातल्या कितीतरी जिवाणूंच्या अंगावर ए, बी, एच सारख्याच साखरा असतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत प्रत्येक बाळाची त्यांच्याशी गाठ पडते आणि अँटिबॉडी तयार व्हायला लागतात. १९५९ साली अमेरिकेत स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी कोंबडीची पिल्लं जंतूच नसलेल्या खोलीत वाढवून हे तपासलं. साध्या खुराड्यातल्या पिल्लांत बी ची अँटिबॉडी आपोआप आली, जंतुविरहित पिल्लांत ती आली नाही.

मात्र शरीर एक पथ्य पाळतं: स्वतःच्याच अंगावर असलेल्या गोष्टीला पकडणारी अँटिबॉडी ते सहसा वाढू देत नाही. ए वाल्यात ए ची गाळली जाते, बी वाल्यात बी ची. एच असलेल्या आपल्या सगळ्यांत एच ची गाळली जाते. बॉम्बे गटात गाळण्याचं कारणच नाही, म्हणून ती उरते. म्हणजे वारसा इथे अँटिबॉडी देत नाही, तो फक्त कुठली गाळायची ते ठरवतो. वजाबाकीचा वारसा म्हणा.

मग बेरजेचा वारसा असतो का? अँटिबॉडीचा साचाच आईवडिलांकडून आला, असं कधी होतं का? माणसात हे शोधणं त्या काळी कठीण होतं, कारण कुठलीही दोन माणसं, जुळी सोडली तर, जनुकांनी सारखी नसतात. इथे उंदीर कामाला आले.

बियाण्याचा प्लॉट आणि उंदराचा पिंजरा

आपल्या जालन्याच्या मुलांना हे समजायला सोपं आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कारही त्यांना मिळाला. ज्यांच्या घरी बीजोत्पादनाचा प्लॉट आहे त्यांना ठाऊक असतं, की हायब्रीड करायच्या आधी नर आणि मादी अशा दोन शुद्ध ओळी लागतात. पिढ्यान् पिढ्या स्वतःशीच फळवून एक ओळ इतकी एकसारखी करतात की शेतातलं प्रत्येक झाड दुसऱ्याची नक्कल. मग दोन ओळींचा संकर केला की पहिली पिढी कशी येणार ते आधीच सांगता येतं.

प्रयोगशाळेतले उंदीर असेच. सख्ख्या भावंडांचा संकर कमीत कमी वीस पिढ्या केला की त्या वंशातले सगळे उंदीर जवळजवळ जुळे होतात. यातले दोन वंश आपल्या कामाचे आहेत. एक 'बाल्ब/सी', ज्याचं मूळ हॅल्सी बॅग यांनी १९१३ साली आणलेल्या पांढऱ्या उंदरांत आहे, आणि दुसरा 'ए', जो स्ट्राँग यांनी १९२१ साली तयार केला. ए वंशाचा एक पूर्वज बॅग यांचाच पांढरा उंदीर होता. म्हणजे दोघे लांबचे भाऊबंदच. तरी पुढे बघा काय झालं.

सळईवरचा शिक्का

१९६३ च्या सुमारास पॅरिसमध्ये उदाँ आणि न्यूयॉर्कमध्ये कुंकेल यांच्या लक्षात आलं होतं, की अँटिबॉडीच्या हातांवर स्वतःची अशी एक खूण असते. तिला 'इडिओटाइप' म्हणतात. आपण शिक्का म्हणू. आपल्या एमआयडीसीतून निघणारी लोखंडी सळई बघितलीय ना? तिच्यावर ठराविक अंतराने मिलचं नाव उठलेलं असतं. हे नाव कुणी मागून छापत नाही, मिलच्या रोलवरच ते कोरलेलं असतं, त्यामुळे त्या रोलमधून जाणाऱ्या प्रत्येक सळईवर ते उठतं. सळई किती भार घेते हा वेगळा प्रश्न, आणि ती कुठल्या रोलमधून आली हा वेगळा. शिक्का दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

सुरुवातीच्या प्रयोगांत, सशांना एकच पदार्थ टोचला तरी प्रत्येक सशाच्या अँटिबॉडीवर आपापला शिक्का दिसायचा. जो तो आपली वेगळी मिल. पण १९७२ मध्ये ॲल्फ्रेड निसोनॉफ यांच्या गटाने ए वंशाच्या उंदरांना आर्सेनिक असलेलं एक रसायन प्रथिनाला जोडून टोचलं. हे रसायन निसर्गात उंदराला कधीच भेटत नाही. तरी त्या वंशाच्या उंदरांमागून उंदरांत त्या रसायनाला पकडणाऱ्या अँटिबॉडींपैकी मोठ्या हिश्श्यावर एकच शिक्का! तेच रसायन बाल्ब/सी ला टोचलं. अँटिबॉडी झाल्या, रसायनाला नीट पकडतही होत्या, पण तो शिक्का नव्हता.

शिक्का वाचायची पद्धतही मजेशीर आहे. उंदराची अँटिबॉडी सशाला टोचायची. सशाला ती परकी वाटते, म्हणून तो तिच्याविरुद्ध अँटिबॉडी करतो. त्यातून दांडीसारख्या सामाईक भागांना पकडणाऱ्या काढून टाकायच्या. उरतात त्या फक्त शिक्का ओळखणाऱ्या. गेज बनवायला गेज वापरल्यासारखंच झालं.

मग बियाण्यासारखेच संकर केले. १९७३ साली निसोनॉफ आणि मायकेल पॉटर यांच्या गटांनी दाखवलं, की पुढच्या पिढ्यांत हा शिक्का अँटिबॉडीच्या दांडीच्या वंशभेदाबरोबर जातो. वायच्या रेणूत जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. जड साखळीच्या दांडीत वंशावंशाला थोडा फरक असतो आणि तो ओळखता येतो. जिथे ए वंशाची दांडी, तिथे ए वंशाचा शिक्का. अर्थ असा, की हाताचं जनुक आणि दांडीचं जनुक गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. उंदरात ते बाराव्या गुणसूत्रावर असतात, माणसात चौदाव्या. त्याच सुमारास बाल्ब/सी मध्ये इतर पदार्थांसाठी असेच सामाईक शिक्के मिळाले.

अँटिबॉडीचे हात जनुकांचे तुकडे जोडून बनतात हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दाखवलं आणि १९८७ चं नोबेल मिळवलं. तुकड्यांच्या जोडाजोडीतून अगणित अँटिबॉडी होतात. पण मूळ तुकडे मात्र वारशाने येतात. १९८३ पर्यंत स्पष्ट झालं, की ए वंशाच्या त्या शिक्क्याच्या सगळ्या अँटिबॉडींची जड साखळी एकाच मूळ जनुकापासून येते. एकच रोल! हलक्या साखळीचा योग्य जोडीदारही लागतो, आणि त्याची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात.

शिक्का पुसला तर?

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग हा. ए वंशाच्या उंदरांना आधी शिक्का ओळखणारं सीरम दिलं आणि मग ते रसायन टोचलं. उंदरांनी अँटिबॉडी केल्याच, पण त्यांच्यावर शिक्का नव्हता. एक रोल बंद पडला तर मिलने दुसऱ्या रोलवर माल काढला. म्हणजे वारसा पहिली पसंती ठरवतो, पण दार एकच ठेवत नाही.

मग शिक्क्याने काही फरक पडतो की नुसतंच नाव? पडतो. बाल्ब/सी मधला 'टी १५' नावाचा सामाईक शिक्का न्यूमोनियाच्या जिवाणूच्या अंगावरच्या एका पदार्थाला पकडणाऱ्या अँटिबॉडीवर असतो. १९८२ साली ब्राइल्स यांच्या गटाने दाखवलं, की त्याच पदार्थाला पकडणाऱ्या इतर अँटिबॉडींपेक्षा टी १५ वाल्या अँटिबॉडी उंदराला न्यूमोनियापासून जास्त चांगलं वाचवतात. वारशात आलेला रोल चांगला निघाला तर जीव वाचतो.

माणसातही हे दिसलं. २०२० च्या कोरोनाच्या काळात एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या अनेक रुग्णांत विषाणूला अडवणाऱ्या अँटिबॉडी एकाच जड-साखळी जनुकापासून, आयजीएचव्ही ३-५३ पासून, बनलेल्या आढळल्या. उंदराच्या पिंजऱ्यात पन्नास वर्षांपूर्वी जे दिसलं, तेच.

तर अँटिबॉडी अनुभवातून येते हे खरं, पण अनुभवाच्या दोन्ही टोकांना वारसा उभा असतो. एका टोकाला कुठले साचे हातात द्यायचे ते तो ठरवतो (हे उंदरांनी शिकवलं) आणि दुसऱ्या टोकाला कुठला माल गाळायचा ते (हे बॉम्बे गटाने शिकवलं).

आपल्या जिल्ह्याचा हिशोब

भारतात बॉम्बे गट साधारण दहा हजारांत एक असा आकडा दिला जातो. युरोपात तो दहा लाखांत एकाच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. ढोबळ हिशोबाने जिल्ह्यात दोनशेच्या आसपास लोक निघतील. यातल्या बहुतेकांच्या कार्डावर ओ लिहिलेलं असणार, किंवा कार्डच नसणार.

आता थोडं गणित. दोन्हीकडून बिघडलेलं जनुक येणं दहा हजारांत एक, तर एक बिघडलेलं जनुक मिळण्याची शक्यता त्याचं वर्गमूळ, म्हणजे शंभरात एक. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, म्हणून एकच बिघडलेली प्रत बाळगणारे साधारण पन्नासात एक. त्यांना स्वतःला काही त्रास नाही. चारशे मुलांच्या होस्टेलमध्ये असे आठेक जण असू शकतात. अनोळखी घराण्यांत लग्न झालं तर मूल बॉम्बे गटाचं व्हायची शक्यता दहा हजारांत एक. पण मामाच्या मुलीशी लग्न केलं, जे आपल्याकडे अजूनही होतं, तर हीच शक्यता साधारण चौदाशेत एक होते. आणि कुटुंबात एकजण बॉम्बे गटाचा निघाला, आईवडील मात्र दोघंही तसे नसले, तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाची शक्यता चारात एक. रक्त शोधायला सगळ्यात आधी घरातच का बघायचं, ते यावरून कळेल.

मग करायचं काय?

घाबरायचं कारण नाही. रक्तपेढीत पेशींची तपासणी होते तशी सीरमचीही होते. आपल्या सीरममध्ये ए, बी आणि ओ गटाच्या माहितीतल्या पेशी टाकून बघतात. याला उलटी तपासणी म्हणतात. ओ च्या पेशींच्या गुठळ्या झाल्या की टेक्निशियनचे कान टवकारतात. शिवाय पिशवी लावायच्या आधी क्रॉसमॅच होतंच. 'ओ' पेशंटला ओ च्या एकामागून एक पिशव्या जुळत नसतील तर बॉम्बे गटाची शंका घ्यायची. धोका आहे तो घाईत, नुसत्या पट्टीवरच्या थेंबावर आणि कार्डावर विश्वास ठेवण्यात.

म्हणून मित्रांनो आणि सर-मॅडम, चार गोष्टी. पहिली, शिबिरातल्या पट्टीवरचा गट हा अंदाज समजा, रक्तपेढीच्या दोन्ही तपासण्यांनंतरचा गट आय-कार्डावर लिहा. दुसरी, पेशंटसाठी रक्त आणायला गेलात तर "क्रॉसमॅच राहू द्या, ओ आहे ना" असं टेक्निशियनला चुकूनही म्हणू नका. तो एक तास पेशंटच्याच कामाचा असतो. तिसरी, घरात कुणाचा गट बॉम्बे निघाला तर सगळ्या सख्ख्या भावंडांची तपासणी करा आणि रक्तपेढीत नाव नोंदवा. साठवलेल्या तांबड्या पेशी नेहमीच्या पिशवीत पाच-सहा आठवडेच टिकतात, त्यामुळे अशा गटाला पिशवीपेक्षा फोन उचलणारा माणूस जास्त उपयोगी. चौथी, रक्तदान करत राहा. अठरा वर्षं पूर्ण आणि वजन पंचेचाळीस किलोच्या वर असेल तर मुलांनी तीन महिन्यांनी आणि मुलींनी चार महिन्यांनी पुन्हा द्यायला हरकत नाही. मेसचं जेवण जेवून हिमोग्लोबिन टिकवणं ही जबाबदारी ज्याची त्याची!